आत ओढलेला होकार

अल्गोत ब्रेन्नलुंड खुल्या तुरुंगाच्या लाकूडवखारीतून चालत निघून गेला, ही बातमी हिल्लेवी स्टेनवालनेच आपल्या वर्तमानपत्रासाठी लिहिली. बातमी चार ओळींची होती. बहिणीच्या नवऱ्याला मारल्याबद्दल गेली सात वर्षे शिक्षा भोगणारा, वय एकसष्ट, कोणाला त्याच्यापासून धोका नसावा असे पोलिसांचे मत. दोन महिन्यांनी सुटणारा माणूस आत्ताच कशाला पळाला, हे तालसेले गावात जो तो एकमेकांना विचारत होता. हिल्लेवीला त्याचे उत्तर ठाऊक होते, निदान ठाऊक आहे असे वाटत होते. अल्गोत पळाला त्याच्या आदल्या दिवशी तिने त्याला तुरुंगात फोन केला होता. एकच प्रश्न विचारला होता. उत्तराऐवजी पलीकडून फोन अलगद खाली ठेवल्याचा आवाज आला.

तिचा प्रश्न एका श्वासाबद्दल होता.

तालसेलेत, आणि उत्तरेच्या त्या सगळ्या मुलखात, होकार बोलत नाहीत. तो आत ओढतात. ओठांचा किंचित चंबू करायचा आणि हवा पटकन आत घ्यायची. गरम कॉफीचा पहिला घोट घेताना होतो तेवढाच आवाज होतो, आणि तोच होकार. लग्नाच्या वेदीपुढे धर्मगुरूला आणि दुकानात गल्ल्यावरच्या बाईला दिलेला होकार सारखाच असतो. हिल्लेवी याच आवाजात वाढली होती. पुढे शिक्षणाला म्हणून ती स्टॉकहोमला गेली, तिथल्या आकाशवाणीत रमली, आणि तिथे तिच्या या सवयीची यथेच्छ थट्टा झाली. "हिल्लेवी, तुझं चाक पंक्चर झालंय बघ," असे सहकारी म्हणत. फोनवर तर दक्षिणेची माणसे गोंधळूनच जात: "हॅलो? हॅलो? गेली का लाइन?" हळूहळू तिची सवय मोडली. आईच्या आजारपणात ती गावी परतली, इथल्या छोट्या वर्तमानपत्रात रुजू झाली, तेव्हा तिचा होकार शहरी झाला होता, तोंडाने म्हणायचा. कान मात्र गावचेच राहिले होते.

त्या कानांनीच हे प्रकरण उकरून काढले. अल्गोतची सुटका जवळ आली म्हणून तिला एक साधा लेख लिहायचा होता. खटल्याचे कागद कोणीही मागावेत आणि कचेरीने ते द्यावेत, ही इथली रीतच आहे. चौकशीच्या टंकलिखित प्रतीत एका ठिकाणी ती थबकली. चौकशी गावच्या शाळेत झाली होती आणि चौकशी करणारे फ्रान्सेन दक्षिणेतून आले होते.

"बोटघराजवळ तेव्हा आणखी कोणी होतं का?" फ्रान्सेननी विचारले होते. पुढे कंसात लिहिले होते: सुस्कारा, उत्तर नाही. "तुम्हाला उत्तर द्यावं लागेल." त्यावर अल्गोत म्हणाला होता, "दिलंय." "बरं. पुढे जाऊ," असे म्हणून फ्रान्सेन पुढे गेले होते.

तो 'दिलंय' खटल्यात फार गाजला होता. सरकारी वकिलांनी त्यातून आरोपीचा उर्मटपणा आणि निगरगट्टपणा सिद्ध केला होता. आवाजाची मूळ फीत न्यायालयात कोणी लावलीच नाही, कागद हाताशी असताना तशी गरज कोणाला वाटली नसावी. हिल्लेवीने ती मागवली आणि लावून ऐकली. सुस्कारा बाहेर पडतो. हा श्वास आत गेला होता, छोटा आणि स्वच्छ. अल्गोतने खरोखरच उत्तर दिले होते. तिथे आणखी कोणी होते.

कोण होते, हे तालसेलेत कोणाला वेगळे सांगायला नको होते. बोटघर रूनारचे होते, आणि रूनार घरात कसा वागतो हे त्याच्या बायकोच्या, यूडिटच्या, मनगटांकडे पाहून दुकानातली बाईसुद्धा सांगू शकली असती. यूडिट अल्गोतची धाकटी बहीण.

हिल्लेवीने लेख लिहिला. संपादक हेन्निंग तो वाचून खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. "हे स्टॉकहोमची वर्तमानपत्रं उचलणार. देशातली निम्मी माणसं होकार देतात आणि उरलेल्या निम्म्यांना तो ऐकूच येत नाही! रविवारचं पहिलं पान तुझं," तो म्हणाला. आपण एका निरपराध माणसाला न्याय देत आहोत, असे हिल्लेवी स्वतःला बजावत होती. ते खरेही होते. पण पहिल्या पानाचा आनंदही तितकाच खरा होता, आणि तो तिला नीट झाकता येत नव्हता.

शनिवारी सकाळी ती सरोवरावर मासे धरायला गेली. मार्च सरत आला होता. बर्फ अजून हातभर जाड होता, पण उजेड परत आला होता, असा लख्ख की डोळ्यांवर काळा चष्मा नसेल तर पाणी यावे. सरोवरभर माणसे ठिपक्यांसारखी विखुरली होती. जो तो आपापल्या भोकावर गळ टाकून, रेनडिअरच्या कातड्यावर किंवा उपड्या बादलीवर, सूर्याकडे तोंड करून बसलेला. बोलणे ऐकू जाईल इतक्या अंतरावर दुसऱ्याच्या भोकाजवळ जायचे नाही, हा इथला शिष्टाचार आहे. म्हणूनच एक माणूस बर्फाला भोक पाडायचे गिरमिट ओढत सरळ तिच्याच दिशेने येताना दिसला, तेव्हा हिल्लेवीच्या कपाळाला आठी पडली.

त्याने तिच्या शेजारीच भोक पाडले, बादली उपडी केली आणि बसला.

"एवढ्या मोठ्या सरोवरात तुम्हाला हीच जागा सापडली?" ती म्हणाली.

"मासे इथेच आहेत म्हणे. वर्तमानपत्रात आलं म्हणजे खरंच असणार." त्याने ओठाखाली ऊब देऊन ठेवलेली अळी बोटाने काढली, गळाला लावली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "तू एर्लांडची थोरली. नाक बापाचं घेतलंस, गळ टाकायची रीत मात्र नाही घेतलीस."

हिल्लेवीने झटकन किनाऱ्याकडे पाहिले. यूडिटच्या पिवळ्या घरासमोर पोलिसांची गाडी उभी होती.

"बघू नकोस तिकडे. इथे बसलेल्या सगळ्यांचा पोशाख एकसारखा आहे, सगळ्यांची तोंडं झाकलेली. लपायला याहून चांगली जागा अख्ख्या देशात नाही," अल्गोत म्हणाला.

"इथवर आलात कसे?"

"लाकडाच्या ट्रकवाल्याने सोडलं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"फोनवरच बोलायचं होतं, अल्गोत. दोन महिने राहिले होते तुमचे! आता पळून गेलात म्हणजे सुटका लांबली."

"तुरुंगातला फोन टेप होतो. एकदा टेपवर बोलून पाहिलं की मी. हौस फिटली."

हिल्लेवीने गळ वर ओढून पाहिला, रिकामाच होता.

"म्हणजे त्या वेळी तुम्ही हो म्हणाला होतात," हिल्लेवीने विचारले.

सवयीने त्याचे ओठ पुढे आले, श्वास आत जाऊ लागला, आणि तो मध्येच थांबला. मग प्रयत्न करून, परक्या भाषेतला शब्द उच्चारावा तसा तो म्हणाला, "हो. तोंडाला मी बजावून ठेवलं होतं गं, काय वाटेल ते झालं तरी उघडायचं नाही. श्वासाला सांगायचं राहून गेलं. त्यांनी विचारलं आणि तो आपला आपणच गेला. मग मी वाट पाहत बसलो. 'कोण?' एवढंच विचारायचं होतं त्यांना. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो की खरं, मला आजही सांगता यायचं नाही. पण ते घड्याळाकडे बघून पुढच्या प्रश्नावर गेले. 'उत्तर द्या' म्हणाले म्हणून सांगितलं, दिलंय. तर तेही माझ्याच अंगावर आलं."

"त्या दिवशी झालं काय होतं?"

"एप्रिल सरत आला होता. बर्फ सडलेला. मी पलीकडच्या काठावरून आरडाओरडा ऐकून धावलो. पोचेपर्यंत रूनार पाण्यात होता आणि यूडिट हातात लोखंडी पहार घेऊन उभी. मी पोटावर आडवा झालो, त्याचा हात धरला." अल्गोतने आपल्या हातमोज्याकडे पाहिले. "धरला होता. किती घट्ट, ते मात्र मला विचारू नकोस."

तिने विचारले नाही. ती म्हणाली, "लेख छापू नकोस असं सांगायला आलात ना?"

"हो."

"यूडिटला धरून नेतील म्हणून?"

"तेही आहे." त्याने गळ वर खाली हलवला. "दर महिन्याला येते ती मला भेटायला. दोन बस बदलून. स्वतः भाजलेला पाव आणते आणि समोर बसते. तिच्या नजरेत... कसं सांगू तुला. आयुष्यभर मी गावातला बावळट. बायको टिकली नाही, धंदा बुडाला. पण यूडिटला वाटतं की आपल्या भावाने आपल्यासाठी तोंड उघडलं नाही. एका तरी माणसाच्या लेखी मी तेवढा आहे. आणि तू छापणार की पहिल्याच सरळ प्रश्नाला मी तिला देऊन टाकलं होतं. ती वाचली ती त्यांच्या बहिरेपणामुळे, माझ्यामुळे नाही."

अल्गोतच्या बाजूने म्हणून जो पुरावा तिने इतक्या कष्टाने शोधला, तो त्याच्या दृष्टीने त्याचा एकमेव अपराध होता, हे तिच्या लेखात कुठेच नव्हते.

"पण फीत तर कचेरीत पडून आहे. मी नाही छापलं तरी उद्या दुसरं कोणी ऐकेल," ती अखेर म्हणाली.

"ऐकेल की. सात वर्षं ऐकताहेत सगळे."

किनाऱ्याकडून बर्फावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला. पायाने रेटायची स्लेज घेऊन कोणी बाई येत होती, करड्या लांब कोटातली, स्लेजच्या आसनावर टोपली बांधलेली. अल्गोतने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मान खाली घातली.

"राहू दे ते सोंग," यूडिट जवळ येत म्हणाली. "कालपासून बघतेय मी खिडकीतून. डावा खांदा पाडून, गोणी टाकल्यासारखा कोण बसतो इथे दुसरा? काल तर भोकही चुकीच्या जागी पाडलं होतंस. तिथे आजवर कोणाला काही मिळालेलं नाही."

"अगं वेडे, तो पोलीस..."

"तो माझ्या स्वयंपाकघरात बसलाय. सात प्रकारची बिस्किटं मांडून आलेय त्याच्यापुढे. चांगल्या घरचा दिसतो, प्रत्येकातलं एक तरी खाल्ल्याशिवाय उठायचा नाही." तिने टोपलीतून थर्मास काढला, इकडच्या रीतीने लाकडी पेल्यांत चीजचे तुकडे टाकले आणि वर कॉफी ओतली. पहिला पेला भावाला दिला, दुसरा हिल्लेवीला. मग टोपली खाली ठेवून स्लेजच्या आसनावर बसली. "हं. काय चाललं होतं तुमचं? मी आले तशी दोघांची तोंडं मिटली."

अल्गोतने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

"हिल्लेवीने मला तुरुंगात फोन केला होता, लेख लिहिलाय तिने. शाळेतली ती चौकशी ऐकलीये. फितीवर," अल्गोत पेल्यात पाहत म्हणाला. "त्यात मी..."

"त्यात तू हो म्हणालास," यूडिट म्हणाली. "माहीत आहे मला."

अल्गोतच्या हातातली कॉफी हिंदकळून बर्फावर सांडली, तिथे तपकिरी खळगा पडला.

"मी बाहेरच होते ना. तुझ्यानंतर मला बोलावणार होते, म्हणून बाहेर ओळीने मुलांचे कोट टांगायच्या खुंट्या आहेत, तिथे बसवलं होतं. दार नीट लागत नाही त्या खोलीचं, आपण शाळेत होतो तेव्हाही लागत नव्हतं. 'आणखी कोणी होतं का' हे ऐकलं आणि मागोमाग तुझा श्वास. मी उठले, खुंटीवरचा कोट घातला, खालपासून वरपर्यंत बटणं लावली. म्हटलं, आता 'कोण?' विचारतील, हा सांगेल, आणि मला न्यायला येतील. बाहेर गारठा होता. तयार असलेलं बरं." तिने पेल्यातला चीजचा तुकडा चमच्याने वर काढला, पण खाल्ला नाही. "संध्याकाळपर्यंत बसले तशी. मग एक जण बाहेर आला आणि म्हणाला, 'तुम्हाला उकडत नाही का, बाई? घरी जा, तुमची गरज लागणार नाही.'"

"मग मला कधी म्हणाली का नाहीस?" अल्गोत म्हणाला. "सात वर्षं येतेस!"

"तू कुठे काही म्हणालास? मला वाटायचं, मी आत गेले नाही म्हणून तू मनातून कडू झाला असशील. प्रत्येक वेळी बसमध्ये ठरवायचे, आज त्याने विचारलं की सांगायचं. तू विचारायचास, पावात वेलची घातलीस का."

अल्गोतने तोंडावरून हात फिरवला. तो हसतो आहे की रडतो आहे हे हिल्लेवीला कळेना, कदाचित त्यालाही कळत नसावे.

"यूडिट, मला तुमच्याशी बोलायला हवं होतं," हिल्लेवी म्हणाली.

"हवंच होतं. आठवड्यातून तीनदा दुकानात भेटतेस, बटाटे कसे आहेत ते विचारतेस. शंभर कोसांवरच्या तुरुंगात फोन केलास, पण गल्ल्यापाशी माझ्या मागे उभी होतीस तेव्हा तोंडातून शब्द नाही. रेडिओवर तर जगाला प्रश्न विचारायचीस म्हणे."

तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते हिल्लेवीला अधिक लागले. तिच्या लेखात दक्षिणेच्या माणसांना ऐकू येत नाही असे ठासून मांडले होते, आणि ते चूक नव्हते. पण इथे बसलेल्या दोघांनी सात वर्षे एकमेकांच्या प्रश्नाची वाट पाहिली होती. विचारल्याशिवाय सांगायचे नाही आणि सांगितल्याशिवाय विचारायचे नाही, या रीतीत ती स्वतःही वाढली होती. शहराने तिचा होकार बदलला, पण ही गोष्ट बदलली नव्हती.

"लेख मी आज मागे घेते," ती म्हणाली. "रविवारी नाही यायचा. तुम्ही सांगाल तेव्हा, तुम्ही सांगाल तसा. नाही म्हणालात तर कधीच नाही."

"हे बरं," अल्गोत घाईने म्हणाला. "ऐकलंस ना, यूडिट? मी आता उठतो, त्या पोराकडे जातो, जी काय वाढीव शिक्षा असेल ती भोगून येतो. सगळं जिथल्या तिथे."

"जिथल्या तिथे!" यूडिटने पेला टोपलीत ठेवला. "रूनार रोज रात्री माझ्या उशाशी बसलेला असतो, अल्गोत. तू माझी शिक्षा भोगतोस आणि मी तुझ्यासाठी पाव भाजते, आणि तो तिथे बसून हसतो. याला जिथल्या तिथे म्हणतोस तू? तुला जे विचारलं त्याचं तू उत्तर दिलंस. मी कोट घालून बसले. आपण दोघांनी आपापलं काम केलं. राहिलंय ते त्यांचं."

किनाऱ्यावरून पोलीस येत होता. पोंटुस त्याचे नाव. स्कोने या थेट दक्षिण टोकाच्या प्रांतातून नुकताच बदली होऊन आलेला, बोलला की तोंडात गरम लापशी असावी असे गावाला वाटे. पायात शहरी बूट होते, त्यामुळे दर चार पावलांनी तो घसरत होता. जवळ आला तेव्हा त्याच्या कोटाच्या छातीवर साखरेचे कण दिसत होते.

"यूडिटबाई, तुम्ही दार उघडंच टाकून..." त्याची नजर अल्गोतवर गेली. खिशातला फोटो काढायची गरज पडली नाही. "तुम्ही अल्गोत ब्रेन्नलुंड?"

"हो," अल्गोत मोठ्याने म्हणाला, त्याला कळेल असे.

पोंटुस गोंधळला. पळालेला माणूस हातात कॉफीचा पेला घेऊन उत्तर देईल, याची तयारी त्याच्याकडून कोणी करून घेतली नसावी. त्याने घसा साफ केला, पोलिसांनी विचारायचे प्रश्न आठवले आणि त्यातला पहिला विचारला.

"तुमच्याबरोबर आणखी कोणी होतं का?"

त्याला म्हणायचे होते, पळून जाताना. पण बर्फावर बसलेल्या तिघांनी तो प्रश्न यापूर्वी ऐकला होता. अल्गोतने बहिणीकडे पाहिले आणि मान हलवली, नको. यूडिट भावाकडे पाहतच नव्हती. तिची नजर पोलिसाच्या तरुण, उन्हाने लाल झालेल्या चेहऱ्यावर होती. तिने ओठ किंचित पुढे केले आणि श्वास आत ओढला.

सरोवरावर वारा नव्हता. तो आवाज हिल्लेवीला फितीवरच्यापेक्षाही स्वच्छ ऐकू आला.

पोंटुस वाट पाहत राहिला. मग कंटाळून अल्गोतकडे वळला. "ठीक आहे, नसेल सांगायचं तर राहू द्या. चला, उठा."

यूडिटचे खांदे किंचित खाली आले. हे हिल्लेवीने पाहिले, आणि हा श्वासही कुठल्याशा कंसात जाऊन पडणार, हे तिला कळले. ती उठून उभी राहिली. आजवर तिने दुसऱ्यांची उत्तरे छापली होती, कोणाच्या वतीने तोंड उघडले नव्हते.

"थांबा," ती म्हणाली. "यूडिटनी उत्तर दिलंय."

"काय? त्या तर काहीच बोलल्या नाहीत."

"त्या हो म्हणाल्या. इकडे हो असंच म्हणतात. आणि तुम्ही विचारलंत त्याहून तो प्रश्न जुना आहे, बोटघराजवळचा. सात वर्षांपूर्वी अल्गोतनीही त्याला हो म्हटलं होतं, तुमच्या माणसांनी पुढचं विचारलं नाही. आता तुम्ही विचारा."

पोंटुसने तिच्याकडे पाहिले, मग अल्गोतकडे. अल्गोतने चष्मा काढला होता आणि उजेडाने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. शेवटी पोंटुसने यूडिटकडे पाहिले. ती स्लेजवरून उठली होती आणि शांतपणे कोटाचे गळ्याजवळचे, सगळ्यात वरचे बटण लावत होती.

पोलिसाने टोपी काढून हातात घेतली.

"कोण होतं?" त्याने विचारले.